स्कूटर उभी होती, एवढंच

हवालदारानं फोटो काढला तेव्हा मी केसांवरून हात फिरवला, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढं जे काही झालं त्यात माझी बाजू कमकुवत पडली ती तिथंच.

गणपतीचे दिवस होते, सप्टेंबर 2023 चा शेवटचा आठवडा. आदिलाबादच्या बाजारात रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून मी गाड्यावरची मिरचीभजी खात होतो. तेवढ्यात एक तरणाबांड हवालदार मोबाइल समोर धरून उभा राहिला. एकतीस वर्षं मराठी शाळेत मास्तरकी केल्यावर या गावात जो कोणी आपल्याकडं रोखून बघतो, तो एक तर जुना विद्यार्थी असतो नाही तर जुना किराणावाला. किराण्याचं देणं नुकतंच फेडलेलं होतं, म्हणजे हा विद्यार्थीच. पोरं फेसबुकवर टाकतात ना, 'आज आमच्या सरांची अचानक भेट झाली' असं. मी अर्धी मिरची पाठीमागं लपवली, पोट आत ओढलं आणि केसांवरून हात फिरवला.

क्लिक झालं. मी म्हटलं, "सुखी राहा बाळा."

तो म्हणाला, "ई बंडी एवरिदि?"

म्हणजे ही गाडी कोणाची.

"माझीच की!" मी छाती पुढं काढून सांगितलं. "2009 ची आहे, पण एका किकमध्ये सुरू होते."

इतक्या आनंदानं गुन्हा कबूल करणारा माणूस त्याला नोकरीत पहिल्यांदाच भेटला असावा. त्यानं स्कूटरचा आणखी एक फोटो घेतला, मला नमस्कार केला आणि गेला. मी दिवसभर खुशीत होतो.

चार दिवसांनी पुतण्या मोबाइल बघत म्हणाला, "काका, तुम्हाला चालान पडलं." वाहतुकीला अडथळा होईल अशी गाडी लावली, दंड 200 रुपये, युझर चार्जेस 35 रुपये, एकूण 235. सोबत फोटो. मी त्याला झेरॉक्सच्या दुकानात पिटाळून रंगीत प्रिंट काढायला लावली. फोटोच्या मधोमध स्कूटर, नंबरप्लेट लख्ख. डाव्या कडेला अर्धा मी. एक हात डोक्यावर, दुसरा पाठीमागं, आणि त्या दुसऱ्या हातातून मिरचीचं देठ बाहेर डोकावतंय. चेहऱ्यावर हसू असं, की लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा माझं तसं हसू सापडणार नाही.

"भरून टाका आणि मोकळे व्हा," ही म्हणाली.

"पैशाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

ही काही बोलली नाही, देवघरातली समई घासू लागली. आमच्या घरात हे वाक्य याआधी कुकरच्या गॅस्केटवरून उच्चारलं गेलं होतं, आणि तेव्हा सात महिने आम्ही भात पातेल्यात शिजवला होता.

दंडाचे दोनशे एक वेळ समजू शकतो. पण पस्तीस रुपये युझर चार्जेस? यात युझर कोण? मी काय वापरलं? कॅमेरा त्यांचा, कॉम्प्युटर त्यांचा, फक्त चेहरा माझा. उलट तो वापरल्याबद्दल मला पस्तीस रुपये मिळायला हवेत, असा मुद्दा मी त्याच रात्री अंथरुणात काढला आणि हिला उठवून सांगितला.

पुतण्यानं मात्र पहिल्या दिवसापासून साथ दिली. "काका, भरू नका. लढा. आणि त्या वेबसाइटवर तर तुम्ही जाऊच नका. तिथं नंबर टाकला की गुन्हा मान्य केल्यासारखं होतं." आजकालच्या मुलांना तत्त्वाची चाड नाही असं म्हणणाऱ्यांना मी त्या काळात हाच पुतण्या दाखवत असे.

अपील आमच्या रक्तात आहे. वडिलांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून सुरू झालं. सरकारला अर्ज करणं हा त्यांचा एकच छंद. नाली तुंबली, अर्ज. पोस्टमन उशिरा आला, अर्ज. एकदा तर पाऊस लांबला म्हणून ते कागद घेऊन बसले होते. अर्ज कोणाकडं करायचा हे न ठरल्यामुळं तो राहिला. ते 2022 साली गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन धोतरं आणि बाकी सगळ्या पोचपावत्या निघाल्या.

आणि उभं राहण्याच्या बाबतीत आमच्या घराण्याइतका अनुभव कुणाला नसेल. आमचं घर जागचं इंचभर हललेलं नाही. आजोबा त्या घरात निजामाची रयत म्हणून राहत. सप्टेंबर 1948 मध्ये त्याच घरात, त्याच खाटेवर ते भारताचे नागरिक झाले. 1 नोव्हेंबर 1956 ला सकाळी उठले तर आंध्र प्रदेशात. त्याच फेरफारात आमच्या जिल्ह्यातलं किनवट आणि राजुरा मुंबई राज्याला गेलं, म्हणजे किनवटला दिलेली आत्या सासरी बसल्याबसल्या परराज्यात गेली. 2 जून 2014 ला आम्ही तेलंगणात आलो, तेही चहा पिता पिता. 2016 च्या दसऱ्याला जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. स्कूटरवर अजून 'एपी 01' आहे, पुतण्याच्या मोटारसायकलवर 'टीएस 01', आणि पुढं मार्च 2024 पासून नव्या गाड्यांवर 'टीजी' यायला लागलं. आपण हलायचं नाही, राज्यंच हलत राहतात, हा आमचा पंचाहत्तर वर्षांचा रिवाज. त्यात कुणी कधी दंड मागितला नव्हता. मग पाऊण तास उभ्या स्कूटरनं असं काय घोडं मारलं?

हे सगळं मी अर्जात लिहिलं. पहिला मसुदा चार पानी झाला. 'विषय : उभ्या वाहनास दंड झाल्याबाबत.' भाषा अर्थात मराठी, सदरहू आणि उपरोक्त यांची जागच्या जागी पेरणी. लिहून झाल्यावर लक्षात आलं की हा वाचणार कोण? हापिसातली भाषा तेलुगू, कायद्याची इंग्रजी. 2017 पासून उर्दूसुद्धा राज्याची दुसरी राजभाषा. मराठी आम्ही घरी, भाजीत आणि भांडणात बोलतो, सरकारदरबारी तिला बसायला पाट नाही. पुतण्यानं मोबाइलवर इंग्रजी केलं. मी हुशारीनं तेच परत मराठीत फिरवून बघितलं, तर 'दुचाकी उभी होती' याचं 'दोन चाकं स्वाभिमानानं ताठ होती' असं झालं होतं. वाक्य मला आवडलं, पण बचावाच्या कामाचं नव्हतं. मग गल्लीतल्या एका बुजुर्गांकडून उर्दू मसुदा करून घेतला. तो त्यांनी वाचून दाखवला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात स्कूटरला 'सवारी' म्हटलं होतं आणि ऐकताना तिथं स्कूटर नाही, बेगमेची पालखी थांबली होती असं वाटायचं. शेवटी तिन्ही मसुदे एका फाइलीत लावले. फाइल तीस रुपये.

आता माझा हुकमी मुद्दा. तिथं 'नो पार्किंग'ची पाटी होती, पण दिसत नव्हती. कशी दिसणार? तिच्यावर फ्लेक्स बांधलेला होता. निवडणुकीचं तिकीट मिळावं म्हणून एका होतकरू पुढाऱ्यानं गावकऱ्यांना गणेशोत्सवाच्या शुभेच्छा दिल्या होत्या, आणि गणपतीपेक्षा स्वतःचा फोटो मोठा ठेवला होता. झाकलेल्या पाटीबद्दल नागरिकाला दंड होऊ शकत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मी दुसऱ्या दिवशी पुराव्यासाठी फ्लेक्सचा फोटो काढायला गेलो.

फ्लेक्सच्या खालच्या अंगाला शुभेच्छुकांच्या तीन रांगा होत्या. गोल गोल चेहरे, पापड वाळत घातल्यासारखे. तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचवा मी होतो. जेमतेम ओळखू येत होतो, पण होतो. वर्गणी मागायला पोरं आली तेव्हा 'सर, तुमचा फोटो पण टाकू' म्हणाली होती आणि मी एकशेएक रुपये जास्तीचे दिले होते. फ्लेक्स जरा उचलून मागं बघितलं. पाटीवरची ती गोल खूण, ज्यात इंग्रजी पी वर लाल काट मारलेली असते, ती बरोबर माझ्या चेहऱ्याच्या मागं बसली होती. नो पार्किंग मीच झाकलं होतं. तेही पैसे देऊन.

तरीही पुरावा तो पुरावा. फोटो काढताना अंगठा ठेवून तेवढा पाचवा पापड झाकता आला असता. पण दोन-तीन दिवस ढगाळ गेले, मग सुनेची आई आली, मग पितृपक्ष. आणि 9 ऑक्टोबरला निवडणूक आयोगानं विधानसभेची तारीख जाहीर केली. आचारसंहिता लागली आणि गावातले फ्लेक्स भराभर उतरले. मी धावत गेलो तेव्हा ती पाटी धुतल्यासारखी चकचकीत, शंभर पावलांवरून दिसेल अशी उभी होती. तिच्या खाली एक बकरी बांधलेली होती. बकरीला चालान नाही.

चहाच्या टपरीवर आमचा कट्टा आहे. तिथं माझी फाइल रोज उघडत असे. मतं पडत, चहा मी पाजत असे. टपरीवाला अण्णा एकटाच असा, जो फाइल न बघता पहिल्या दिवसापासून एकच वाक्य बोलायचा, "आगंडि सार, डिस्कौंट वस्तदि." थांबा सर, डिस्काउंट येईल. सरकारच्या दंडावर डिस्काउंट? मी एकदा रागावलोच, "अण्णा, हा दंड आहे, साडी नाही." त्यावर त्यानं मार्च 2022 ची आठवण दिली. तेव्हा थकलेल्या चालानांवर दुचाकीला 75 टक्के सूट मिळाली होती, चारचाकीला निम्मं माफ, आणि लोकांची अशी झुंबड उडाली की 31 मार्चची मुदत 15 एप्रिलपर्यंत न्यावी लागली. "जे लगेच भरतात ते वेडे," अण्णा हिंदीत म्हणाला, "समझदार आदमी सेल का वेट करता."

मला हे पटेना. मास्तर माणूस. वेळेवर फी भरणाऱ्या पोरांपुढं उशिरा भरणाऱ्याला बक्षीस? पण दुसऱ्या दिवसापासून मी वर्तमानपत्र उघडलं की आधी डिस्काउंटची बातमी बघू लागलो. केवळ निषेध करता यावा म्हणून.

मुंबईचे मेहुणे फोनवर हसले. "दोनशे पस्तीस? भावजी, आमच्याकडं एवढ्यात पार्किंगच्या पोराला टिप देतात." मग त्यांनी 2019 चा जुलै सांगितला. मुंबई महापालिकेनं सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास रस्त्यावर गाडी लावली तर दंड लावला होता, कारला दहा हजारांपासून, आणि मोठ्या गाड्यांना टोइंग धरून 23,250 रुपयांपर्यंत. मेहुणे हा आकडा सांगताना असे फुलले होते, जणू ती रक्कम त्यांना मिळाली होती. "शिस्त म्हणजे काय ते मुंबईत या आणि बघा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पांढरकवड्याचे साडू त्याहून तिखट. "पैनगंगा ओलांडून इकडं लावली असती तर पाचशे होते. तुमचं तेलंगण सरकार दयाळू, 2019 ची वाढ लागूच केली नाही. गपगुमान भरा." नदीच्या त्या तीरावर माझ्या गुन्ह्याची किंमत दुपटीहून जास्त आहे हे ऐकून, खोटं कशाला सांगू, जरा बरं वाटलं.

कट्ट्यावरच्या एकानं मंत्र्यांचं उदाहरण काढलं. 2 ऑक्टोबर 2021 ला हैदराबादेत बापूघाटाजवळ तेव्हाचे मंत्री केटीआर यांची गाडी उलट्या दिशेनं आली म्हणून पोलिसांनी अडवली होती. त्यांनी दंड भरला, वर त्या पोलिसांना बोलावून त्यांचा सत्कार केला. "सर, तुम्ही पण दंड भरून हवालदाराला शाल द्या." मी हिशेब केला. दंड 235, बरी शाल किमान 300, नारळ वेगळा. दयाळूपणा परवडणारा नव्हता.

शेवटी वकीलसाबांकडं गेलो. स्कूटर घरी ठेवून रिक्षानं, कारण त्यांच्या दारात लावायची कुठं. जायचे-यायचे मिळून ऐंशी रुपये. त्यांनी फाइल चाळली, उर्दू मसुद्यावर 'वाह' म्हणाले आणि चष्मा काढला.

"अपील कायको सार? अभी सज़ा किधर हुई? पहले भरने से ना बोलो. फिर केस कोर्ट में जाएगा. फिर तारीख. फिर सज़ा. उसके बाद अपील."

"म्हणजे अपील करायचं तर आधी दोषी ठरावं लागतं?"

"हौ. बिना शादी के तलाक कैसा?"

मी मोठ्या मनानं कोर्टालाही तयार झालो. तेव्हा त्यांनी रंगीत प्रिंट हातात घेतली आणि न्यायाधीशांचा आवाज काढला. "फोटो में ये कौन है? आप बोलोगे, मैं. हाथ में क्या है? मिरची. हँस क्यों रहे?" इथं ते थांबले. "इसका जवाब है आपके पास?"

नव्हता. मग मी लोकअदालतीचं काढलं. वकीलसाब म्हणाले, चांगली गोष्ट आहे, कोर्ट फी नाही, दोन्हीकडचं सामंजस्यानं मिटतं. फक्त 1987 च्या कायद्यानं तिथल्या निवाड्यावर अपील नाही. मी चपापलो. ज्या माणसाला अपीलच करायचं आहे त्यानं अपील नसलेल्या ठिकाणी जायचं म्हणजे एकादशीला खाटकाच्या दुकानात जाण्यासारखं. त्यांनी फी घेतली नाही. जिन्यापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "सार, रुक जाओ. डिस्काउंट आएगा."

दिवाळी गेली. कापूस निघाला. मार्केट यार्डाच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली, ट्रॅक्टर, टेम्पो, जीप, ज्याला जिथं जागा मिळेल तिथं. वाहतुकीला अडथळा म्हणतात तो काय असतो हे बघायचं असेल तर त्या दिवसांत आमच्या आदिलाबादेत यावं. पण कापसाला कोण बोलणार? पांढरं सोनं आहे. माझी स्कूटर निळी.

30 नोव्हेंबरला मतदान झालं, 3 डिसेंबरला निकाल, 7 डिसेंबरला नवं सरकार आलं. आणि डिसेंबरच्या शेवटी बातमी आली. 26 डिसेंबरपासून थकलेल्या चालानांवर सवलत. दुचाकी-तीनचाकीला 80 टक्के, चारचाकी आणि जड वाहनांना 60, आरटीसीच्या बसला 90. मुदत 10 जानेवारी. मी पेपर घेऊन टपरीवर गेलो. अण्णानं पेपरकडं बघितलंही नाही. चहात साखर टाकत म्हणाला, "चेप्पलेदा?" सांगितलं नव्हतं?

दोनशेचे चाळीस. पस्तीसांचं काय, यावर कट्ट्यावर दोन तट पडले आणि दोघांनीही चहा माझ्याच खात्यावर प्यायला. खरा पेच माझ्यापुढं होता. चाळीस रुपये भरणं म्हणजे चाळीस रुपयांपुरता गुन्हा कबूल करणं.

"म्हणजे तुम्ही वीसच टक्के गुन्हेगार," ही म्हणाली. "ऐंशी टक्के सुटलात. बरंच की."

"मी शंभर टक्के निर्दोष आहे!"

"मिरचीसकट?"

मी सवलत नाकारली. 10 जानेवारीच्या रात्री शाल पांघरून अंगणात येरझारा घातल्या. आदिलाबादची थंडी, हाडं वाजत होती, पण मान ताठ. सकाळी कळलं, मुदत 31 जानेवारीपर्यंत वाढली. रात्रभर केलेला त्याग वाया गेला. 31 ला परत तशाच येरझारा. सकाळी बातमी, 15 फेब्रुवारीपर्यंत वाढली. सरकारनं असं सारखं दार उघडं ठेवलं तर माणसानं बाणेदारपणा दाखवायचा तरी कधी? आणि मनात एक चोरटा विचार, आता परत नाही वाढली तर?

15 फेब्रुवारीला दुपारी मी हिला सांगितलं, 'जरा पाय मोकळे करून येतो', आणि मीसेवा केंद्र गाठलं. या नावाची आम्हा मराठी माणसांना फार गंमत वाटते. तेलुगूत 'मी' म्हणजे तुमची, मीसेवा म्हणजे तुमची सेवा. मराठीत 'मी' म्हणजे मीच. त्यामुळं पाटी एकच, पण तिच्याकडं बघून तेलुगू माणूस रांगेत उभा राहतो आणि मराठी माणूस सरळ आत घुसू बघतो. मी रांगेत उभा राहिलो. पुढं साठ माणसं, सगळी सवलतीची. तेवढ्यात पुतण्या कुठून तरी धापा टाकत आला. "काका, तुम्ही कशाला आलात? मी भरलं असतं. द्या, पैसे द्या, तुम्ही घरी जा." केवढी काळजी! मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो घामाघूम झाला होता. फेब्रुवारीत.

खिडकीतल्या मुलीनं नंबर टाइप केला.

"पदकोंडु, सार."

"काय पदकोंडु?"

"चालानं. अकरा."

मी म्हटलं, गाडी दुसऱ्याची असेल. तिनं स्क्रीन माझ्याकडं फिरवला. वळून बघतो तर पुतण्या नव्हता.

मागं रांग कुरकुरत होती, पण ती मुलगी भली, एकेक फोटो मोठा करून दाखवत गेली. पहिला ताजा, मिरचीचा. दुसऱ्यात पुतण्या आणि त्याचे दोन मित्र, तिघं एका स्कूटरवर, मधल्याच्या डोक्यावर कॅरमबोर्ड. तिसऱ्यात पुतण्या कानाला मोबाइल लावून. चौथ्यात पुन्हा तोच, आणि मागं एक मुलगी, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, तिच्याबद्दल मी इथं अधिक लिहीत नाही. पाचव्यात मी, हेल्मेट हँडलला लटकवलेलं, बहुधा उकडत असावं. सहाव्यात मागं ही, महालक्ष्म्यांसाठी केळीचे दोन खुंट खांद्यावर घेतलेले, दोन्ही बाजूंना असे पसरलेले की रस्त्याच्या निम्म्या भागात आमचाच मांडव. तिनं ते चालान कधी बघितलेलं नव्हतं, नाही तर मिरचीवरून बोलली नसती. सातव्यात एकेरी रस्त्यावर उलट्या बाजूनं भरधाव येणारे, शर्टाची बटणं उघडी, गॉगल लावलेले मुंबईचे मेहुणे. त्याचे मी तीन प्रिंट मागितले.

अकरा दंडांचे मिळून अडीच-तीन हजार झाले असते. सवलत वजा जाता सातशेच्या आत आले. माझ्या अर्जाच्या चौथ्या पानावर 'अर्जदाराच्या नावे आजवर एकही गुन्हा नोंद नाही' असं एक वाक्य होतं, लाल शाईनं अधोरेखित. फाइल मी काखेत जरा घट्ट धरली.

"लास्ट," मुलगी म्हणाली आणि अकरावा फोटो उघडला. नोव्हेंबर 2021. मागच्या स्वाराला हेल्मेट नाही.

मागचा स्वार म्हणजे बाबा. शहाऐंशी वर्षांचे. त्या महिन्यात त्यांना हयातीचा दाखला द्यायला नेलं होतं, पेन्शन चालू राहावी म्हणून. पांढरी टोपी, स्वेटरवर कोट, कोटावर मफलर, आणि मांडीवर कागदांची प्लास्टिकची पिशवी दोन्ही हातांनी धरलेली, वाऱ्यानं एक पोचपावती उडाली तर काय घ्या. पुढं मी, हेल्मेट घालून, पाठमोरा. हवालदारानं मागून फोटो काढला असणार. पण बाबांना कॅमेऱ्याचा वास यायचा. ते मान पूर्ण वळवून मागं बघताहेत आणि हसताहेत. तोंडात वरचे दोन दात, ते दोन्ही दिसताहेत.

आमच्याकडं त्यांचा हसरा फोटो नाही. आधारवर त्यांनी डोळे मिटलेत, पेन्शनच्या पुस्तकावर ते कुणावर तरी अर्ज करायच्या बेतात दिसतात, आणि भिंतीवर हार घातलेला जो आहे तो त्यावरूनच मोठा केलेला.

"कट्टालाऽ, सार?" भरू ना?

"थांब. भरला की फोटो जातो का?"

ती जरा गोंधळली. असं आजवर तिला कुणी विचारलं नसावं. मागून कुणी तरी ओरडलं, "चाचा, घर बसाना है क्या उधर?" मी म्हटलं, आधी तो फोटो माझ्या मोबाइलमध्ये दे, मग भर. तिनं स्क्रीनचाच फोटो काढून पाठवला. मग मी अकराही भरले. पस्तीसांचं विचारायचं राहूनच गेलं.

येताना झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या पोराला माझी फाइल तोंडपाठ झालेली. "सर, अपील टाकलं का?" म्हणाला. मी मोबाइल पुढं केला. त्यानं फोटो कॉम्प्युटरवर घेतला, बराच वेळ मोठा-लहान करत बसला.

"मोठा करायचा तर खालची नंबरप्लेट कापावी लागेल, सर. आणि ती लाल अक्षरं, तारीख वगैरे."

"ते सगळं राहू दे."

"मग फ्रेममध्ये बसणार नाही. काही तरी कापावंच लागेल." त्यानं बोट ठेवलं. "वरून हे हेल्मेट काढू? हे कोण आहे?"

"ते काढ," मी म्हटलं.